पंखा फिरतोय, दिवे मात्र बंद: नव्या कामानंतर न्यूट्रल कुठे सुटतो

तुम्ही विचारलेले थोडक्यात असे. पुण्यातला जुना दोन बीएचके फ्लॅट. बेडरूममध्ये एसीसाठी नवा पॉइंट काढला आणि त्याच कामात दाराजवळचा जुना बोर्ड काढून मॉड्युलर बसवला. वायरमन गेला, संध्याकाळी बटणे दाबली तर बेडरूमची ट्यूब आणि बाहेरच्या पॅसेजचा दिवा लागेना. पंखा चालू, त्याच बोर्डावरचा प्लगही चालू. डीबीतले, म्हणजे घराच्या मुख्य स्विचच्या पेटीतले, सगळे एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप बंद होणारे स्विच) वर, म्हणजे चालू, आहेत. पॅसेजच्या होल्डरला टेस्टर लावला तर दोन्ही टोकांना पेटतो. भर म्हणजे उशाजवळचा भिंतीवरचा दिवा दाराचे बटण एका ठरावीक बाजूला असेल तरच लागतो. वायरमन फोनवर म्हणतो, बल्ब उडाले असतील, बदलून बघा.

बल्ब उडालेले नाहीत. ट्यूबचा आणि पॅसेजचा न्यूट्रल (फेजच्या वायरीने आलेला करंट परत नेणारी वायर) सुटला आहे आणि तो बहुतेक नव्या मॉड्युलर बोर्डाच्या मागेच सुटला आहे. उशाजवळच्या दिव्याची भानगड वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

हे घरी न येता कशावरून सांगतो, तर तुमच्याच वर्णनावरून. टेस्टर होल्डरच्या दोन्ही टोकांना पेटला म्हणून तुम्ही लिहिलेत, ‘डबल फेज येतोय का?’ सिंगल फेज मीटरच्या घरात दुसरा फेज येणार कुठून? आणि खरोखरच दोन वेगळे फेज होल्डरवर आले असते तर बल्बला २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्टेज मिळाले असते आणि तो पहिल्या दाबाला फटकन गेला असता. इथे घडतेय ते असे: बटण चालू केले की फेज होल्डरच्या एका टोकाला येतो, बल्बमधून दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथून परतीची वाटच तुटलेली असल्यामुळे तिथेच थांबतो. करंट वाहत नाही म्हणून दिवा लागत नाही, पण ती परतीची काळी वायर सुटलेल्या टोकापर्यंत फेजच्या व्होल्टेजवर बसून राहते. टेस्टरला तेवढे पुरते. खात्री करायची असेल तर ट्यूबचे बटण बंद करून, बल्ब काढून पुन्हा टेस्टर लावा, बोटे फक्त टेस्टरच्या मुठीवर ठेवून. एकच टोक पेटेल, दुसरे विझेल किंवा अगदी मंद मिणमिणेल. मंद मिणमिणणे म्हणजे शेजारून जाणाऱ्या चालू वायरीमुळे आलेले नुसते इंडक्शन. निऑन टेस्टर तेवढ्यावरही फसतो, आणि ते बॅटरीवाले डिजिटल टेस्टर तर जास्तच.

आता जागा. पंखा आणि प्लग चालतात म्हणजे बोर्डापर्यंत फेजही येतोय आणि न्यूट्रलही. म्हणजे डीबीत गडबड नाही. ट्यूब आणि पॅसेजच्या होल्डरपर्यंत फेज पोचतोय म्हणजे बटणेही बरोबर जोडली आहेत. उरला तो बोर्डापासून त्या दोन दिव्यांपर्यंतचा न्यूट्रल. कंसील्ड, म्हणजे भिंतीत दडवलेल्या, वायरिंगच्या फ्लॅटमध्ये पुष्कळदा खोलीतल्या सगळ्या पॉइंटचे न्यूट्रल खाली स्विचबोर्डात उतरवलेले असतात आणि बोर्डाच्या मागे काळ्या वायरींची एक जुडी पिळून, टेप गुंडाळून आत कोंबलेली असते. डीबीतून आलेला एक, पंख्याचा एक, ट्यूबचा एक, प्लगचा एक, आणि तुमच्याकडे पॅसेजसाठी पुढे गेलेला एक. जुना बोर्ड काढताना ही जुडी सोडावी लागते, कारण जुन्या लाकडी किंवा फायबरच्या पेटीची जागा आता पत्र्याचा मॉड्युलर बॉक्स घेतो आणि वायरी त्याच्या भोकांतून नव्याने ओवाव्या लागतात. पुन्हा पिळताना एखादी वायर बाहेर राहते. ट्यूबवरूनच पॅसेजला न्यूट्रल लूप केलेला, म्हणजे तिथूनच पुढे नेलेला, असेल तर एकच वायर सुटून दोन दिवे जातात. मला तुमच्याकडे तेच झालेले दिसते.

दुसरी शक्यता अशी की जुडी नीट होती, पण प्लेट दाबताना वायर निसटली. मॉड्युलर बॉक्स उथळ असतो. प्लगसाठी आणलेली २.५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर जाड आणि ताठ, दिव्यांची १ किंवा १.५ ची बारीक. प्लेट आत ढकलली की जाड वायर बारकीला रेटते आणि स्क्रूखाली अर्धवट पकडलेले टोक बाहेर येते. असे असेल तर बोर्डावर हलकी थाप मारल्यावर दिवा क्षणभर लागून जातो. तुमच्याकडे तसे होते का ते तुम्ही लिहिलेले नाही. होत असेल तर आजच्या रात्री ती दोन बटणे बंद ठेवा. सैल जोडात ठिणगी पडते आणि प्लॅस्टिक वितळायला तिथूनच सुरुवात होते.

एक गोष्ट इथे थांबून सांगायला हवी, कारण माणसे नेमकी याच्यावर फसतात. सुटलेली वायर काळी आहे, काळी म्हणजे न्यूट्रल, न्यूट्रलला शॉक बसत नाही, असा हिशेब करून कुणी बोर्ड उघडून ती हातात धरली आणि ट्यूबचे बटण चालू असले, तर त्या वायरीला पूर्ण फेज आहे. दिवा बंद दिसतो म्हणून माणूस अधिकच बिनधास्त असतो. एरवीही रंगावर भिस्त ठेवू नये. आपल्याकडे लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ ही रीत आहे, पण लाल बंडल संपले की पिवळी किंवा निळी वायर ओढणारे कमी नाहीत. परदेशात राहून आलेली मंडळी तर निळी दिसली की न्यूट्रल धरतात. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये निळा हा तीन फेजपैकी एक असतो.

तीच सुटलेली वायर पत्र्याच्या बॉक्सला टेकली तर आणखी गमती होतात. बॉक्सला अर्थिंग केलेले नसेल तर प्लेटच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात. अर्थिंग असेल तर दिवा अचानक लागतो आणि त्याच क्षणी आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. ९ वॅटचा साधा एलईडी बल्बसुद्धा ४० च्या आसपास मिलिअँपिअर घेतो, म्हणजे एका बल्बचा करंट अर्थमधून गेला तरी तो पडणारच. दिवा लागला आणि घर अंधारात गेले, असे कुणी सांगितले की मी आधी न्यूट्रल कुठे टेकलाय ते बघतो.

तुम्ही स्वतः काय करावे? पॅसेजचा बल्ब दुसऱ्या खोलीत लावून बघा. लागला, की ‘बल्ब उडाले’ हा विषय तिथेच संपला. सगळे एमसीबी एकदा पूर्ण खाली करून मग वर करा, कारण काही कंपन्यांचा पडलेला एमसीबी मधेच अडकतो आणि लांबून वर असल्यासारखाच दिसतो. तुमच्या बाबतीत याने फरक पडणार नाही, पण वायरमनशी बोलताना मुद्दा उरत नाही. प्लेट उघडायचे काम मात्र त्याचेच. घरात इन्व्हर्टर असेल तर विशेष करून. लाइटचा एमसीबी खाली केला तरी इन्व्हर्टरवरचे पॉइंट चालूच राहतात, आणि सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला असतो. त्याच जुडीतून दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल परत जात असेल आणि ते सर्किट चालू असेल तर जुडी सोडताच सुटलेल्या टोकाला शॉक बसतो. म्हणून मेन खाली, इन्व्हर्टर त्याच्या बटणावरून बंद, आणि त्याची आउटपुटची पिनही काढलेली. मग टेस्टर, आणि टेस्टर आधी चालू प्लगवर तपासून घेतलेला.

वायरमन आला की त्याला ‘दिवे लागत नाहीत’ एवढेच सांगू नका. सांगा: होल्डरला फेज येतोय, न्यूट्रल नाही, पंखा चालू आहे, बोर्डामागची न्यूट्रलची जुडी उघड. जाणकार असेल तर पुढचे काम फारसे लांबत नाही. तो टेस्ट लॅम्प काढेल, म्हणजे होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा पिवळा बल्ब. मल्टिमीटर असला तरी या कामाला मला टेस्ट लॅम्पच आवडतो. मीटर इतका कमी करंट ओढतो की तुटक्या वायरीवरही ६०-७० व्होल्ट दाखवून गोंधळ उडवतो. लॅम्पला लागायला खरा करंट लागतो, त्यामुळे तो खोटे बोलत नाही. बोर्डातल्या फेज आणि न्यूट्रलवर लॅम्प लागतो, पॅसेजच्या होल्डरच्या दोन टोकांवर लागत नाही, आणि होल्डरचा फेज व बोर्डातून लांब वायरीने आणलेला न्यूट्रल यांच्यावर लावला की लागतो. इथे दोष पक्का झाला.

मग मेन बंद करून कोणती वायर ते शोधायचे. त्या दोन दिव्यांचे बल्ब आणि ट्यूब काढलेले हवेत, नाहीतर कंटिन्युइटी (वायर सलग आहे याची मीटरवरची खूण) त्यांच्यातून फिरून येते आणि चुकीची वायर बरोबर वाटते. होल्डरच्या काळ्या टोकापासून एक लांब वायर बोर्डापर्यंत आणायची, मीटर बझरवर टाकायचा, एक टोक त्या वायरीला आणि दुसरे बोर्डातल्या एकेका सुट्या काळ्या टोकाला. जिथे वाजेल ती आपली. कुठेच वाजले नाही तर वायर मध्येच तुटली आहे, आणि मग नजर एसीच्या पॉइंटकडे वळवावी लागते: नवा पाइप टाकायला भिंतीत झिरी मारली, कटरचे पाते जुन्या पाइपमधून गेले. एसीच्या ब्रॅकेटसाठी ड्रिल मारतानाही हेच होते. तुमच्या ट्यूबचा पाइप त्याच भिंतीतून जात असेल तर ही शंका मनात ठेवा. दोन्ही कामे एकाच दिवशी झाली आहेत.

वायर सापडल्यावर ती जुडीत नुसती टोचून टेप मारू देऊ नका. सगळी टोके नीट सोलून, एकत्र घट्ट पिळून, तार न तुटता जोड झाला पाहिजे, किंवा सरळ कनेक्टर लावावा. दाबून बसवायचे लिव्हरचे कनेक्टर आता सहज मिळतात, बॉक्समध्ये जागा कमी खातात आणि पुढच्या वेळी एक वायर काढायला सगळी जुडी सोडावी लागत नाही. जुन्या फ्लॅटमध्ये काही वायरी ॲल्युमिनियमच्या निघतात. त्या तांब्याबरोबर पिळल्या तर जोड काही काळ चालतो, मग काळा पडतो आणि सैल होतो. तिथे ॲल्युमिनियम-तांब्याच्या जोडासाठीचाच कनेक्टर हवा.

आणि आता ज्याची मला खरी धास्ती आहे ते. घाईतला माणूस सुटलेली काळी वायर शोधत बसत नाही. तो दिव्याला न्यूट्रल हाताला येईल तिथून देतो. तुमच्याकडे नेमका शेजारीच एसीचा नवाकोरा न्यूट्रल आहे. तिथून घेतला की दिवे लागतात, सगळे खूश. पण फेज एका एमसीबीचा आणि न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा, अशी खिचडी होते. दोन सर्किटे वेगवेगळ्या आरसीसीबीवर असतील तर ट्यूब लावताच आरसीसीबी पडेल, आणि नसतील तर उद्या एसीच्या कामासाठी त्याचा न्यूट्रल सोडणाऱ्या मेकॅनिकच्या हाताला तुमच्या ट्यूबचा फेज लागेल. याहून वाईट म्हणजे हिरव्या वायरीवर दिवा लावून देणे. आरसीसीबी नसलेल्या घरात हे कळतच नाही. दिवा लागतो, आणि अर्थिंग कुठे सुटले तर तोच फेज फ्रिजच्या आणि वॉशिंग मशिनच्या पत्र्यावर येऊन बसतो. दुरुस्ती झाल्यावर वायरमनला सरळ विचारा, न्यूट्रल कुठून दिला? उत्तर ‘याच बोर्डातून’ असेच यायला हवे. पडताळाही सोपा आहे. दिवे चालू ठेवून डीबीतला एसीचा एमसीबी खाली करा, मग तो वर करून लाइटचा खाली करा. एसीच्या बंद होण्याने दिव्यांना काही होता कामा नये. मात्र एसीचा एमसीबी डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, असेल तरच हा पडताळा खरा. सिंगल पोल असेल तर न्यूट्रल तुटतच नाही, तेव्हा प्लेट उघडी असतानाच डोळ्यांनी बघून घ्या.

उशाजवळच्या दिव्याचे आता. तो टू-वेवर आहे, म्हणजे दोन ठिकाणच्या बटणांवरून चालतो. दोन्हीकडच्या बटणांना तीन-तीन स्क्रू, एक कॉमन आणि दोन बाजूचे. एकीकडच्या कॉमनला फेज, दुसरीकडच्या कॉमनवरून दिव्याला वायर, आणि बाजूच्या दोघांना दोघे जोडलेले. जुने बटण काढताना कॉमनची वायर कोणती याची खूण केली नाही आणि नव्यात ती बाजूच्या स्क्रूला गेली, की बरोबर तुम्ही लिहिलेले लक्षण दिसते: एक बटण ठरावीक बाजूला असेल तरच दुसरे काम करते. मॉड्युलरमध्ये कॉमन बहुतेकदा मधला असतो, पण सगळीकडे नाही. बटणाच्या मागची खूण बघावी किंवा मीटर लावावा. पण त्याआधी एक क्षुल्लक गोष्ट तपासा, जी मला जास्त वेळा सापडते: दाराच्या बोर्डात बसवलेले बटण टू-वे आहे तरी का? दुकानदाराने बारा वन-वे बटणे एका पिशवीत दिली, वायरमनने तीच लावली, तिसऱ्या वायरीला टेप मारून मागे सारली. समोरून दोन्ही बटणे सारखीच दिसतात. मागे दोनच स्क्रू असतील तर दिव्याचे लक्षण हेच येणार आणि वायरी कितीही उलटसुलट केल्या तरी ते जाणार नाही. बटण बदलायचे, झाले.

तुमच्यासारखाच प्रश्न पण थोडे वेगळे लक्षण असणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी लिहून ठेवतो. खोलीतले सगळेच, पंख्यासकट, बंद असेल आणि बोर्डात फेज असेल, तर डीबीतली न्यूट्रलची पट्टी बघा. एसीची ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर घालायला मोकळे भोक उरले नाही की दोन बारीक न्यूट्रल एकाच भोकात कोंबले जातात आणि त्यातला एक स्क्रूखाली धरला जात नाही. एकाच बोर्डावरची डावीकडची बटणे चालू आणि उजवीकडची सगळी मृत असतील, तर न्यूट्रलचा संबंध नाही. एका बटणावरून दुसऱ्याला दिलेला फेजचा लूप मध्येच राहिला आहे किंवा स्क्रू तांब्यावर बसण्याऐवजी इन्शुलेशनवर बसला आहे. फॉल्स सीलिंगचे दिवे ओळीने बंद झाले तर शेवटचा चालू आणि पहिला बंद, या दोघांच्या मधली जोडणी उघडा. बाकी छत फोडायची गरज नसते.

एका लक्षणाला मात्र थांबायचे नाही. काम मीटर रूममध्ये झाले असेल, किंवा घरी थ्री फेज असेल, आणि त्यानंतर काही दिवे भगभगीत आणि काही मंद झाले तर मेन लगेच खाली करा. तिथे मुख्य न्यूट्रल सुटलेला असतो, आणि कमी लोड असलेल्या फेजवरच्या वस्तूंना ४०० च्या जवळपास व्होल्टेज मिळू शकते. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, एलईडीचे ड्रायव्हर एका दमात जातात. अशा वेळी ‘बल्ब उडाले’ हे खरे असते, पण नवे बल्बही उडतील. शेजाऱ्यांकडेही तसेच होत असेल तर महावितरणला १९१२ वर कळवा.

तुम्ही शेवटी विचारलेत, याचे वेगळे पैसे द्यायचे का. एसीचा पॉइंट आणि बोर्ड यांची मजुरी त्याने घेतली आहे, आणि दिवे त्याचा हात लागण्यापूर्वी चालू होते. न्यूट्रल जोडणे त्याच मजुरीत आले. वन-वे बटण निघाले तर टू-वे बटणाची किंमत तुमची, बसवणे त्याचे. भिंतीतली वायर तुटलेली निघाली तर जरा बोलावे लागेल, कारण नवी वायर ओढायला वेळ आणि माल दोन्ही जातो, आणि पाइप कुठून गेलाय हे त्याला तुम्हीही सांगितलेले नसणार. बिल्डरने दिलेला वायरिंगचा नकाशा घरात कुठे असेल तर तो येण्याआधी शोधून ठेवा.